आठ मिली, चार मिली

शनिवारी सकाळी फ्रिजमधून औषधाची बाटली काढली, नेहमीप्रमाणे हलवली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिली, तेव्हा तळाशी जेमतेम बोटाच्या पेराएवढे औषध उरले होते. सिरिंजने ओढून मोजले तर ६ मिली भरले. लेकीला द्यायचे होते ८ मिली. दुसरी बाटली खोक्यात तशीच होती, आत कोरडी पावडर असलेली, आणि आता तिच्यात पाणी घालावे एवढेच खरे तर माझ्या मनात आले. पण ओट्याशी उभ्या उभ्या सहज हिशेब केला. दिवसातून दोनदा ८ मिली म्हणजे रोजचे १६, सात दिवसांचे ११२. म्हणजे ३० मिलीच्या चार बाटल्या लागायला हव्या होत्या. दुकानातून दोनच आल्या होत्या.

हा हिशेब मी गुरुवारी रात्रीच करायला हवा होता. पहिला डोस देण्याआधी केला असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

गुरुवारी संध्याकाळी ठाण्यात पाऊस कोसळत होता. लेकीची सर्दी चार दिवसांची झाली होती, आदल्या रात्री ती उजवा कान धरून रडत उठली होती आणि ताप १०२ वर गेला होता. नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कानात पाहिले; पडदा लाल होऊन फुगला होता. सर्दीसाठी अँटिबायोटिक देत नाहीत, कारण सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर ही औषधे काम करत नाहीत, हे त्या प्रत्येक वेळी सांगतात. या वेळी मात्र कान आणि ताप पाहून त्यांनी ते द्यायचे ठरवले. लेकीला वजनकाट्यावर उभे केले, १४ किलो भरले, आणि त्या आकड्यावरून त्यांनी मात्रा काढली. मुलांची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या चिठ्ठीवरचा आकडा यंदा चालत नाही. चिठ्ठीवर लिहिले होते: अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, ५ मिलीमध्ये २२८.५ मिलिग्रॅम, ८ मिली, दिवसातून दोन वेळा, सात दिवस.

मी लेकीला घेऊन घरी आले आणि चिठ्ठी घेऊन माझे सासरे औषधाच्या दुकानात गेले. दुकानात त्या ताकदीची बाटली नव्हती. दुकानदाराने त्याच कंपनीची, त्याच नावाची, ४५७ मिलिग्रॅमची बाटली दिली आणि तोंडी सांगितले की हे दुप्पट ताकदीचे आहे, अर्धे द्या. बाहेर पावसाचा आवाज, काउंटरवर गर्दी, आणि बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येते. ते ओले होऊन घरी आले, कपडे बदलता बदलता सासूबाईंना म्हणाले, "अर्धं अर्धं द्यायचं म्हणालाय." सासूबाईंनी त्याचा जो अर्थ लावला तो कोणीही लावला असता: पोरीला एका दमात पाजू नका, अर्धे द्या, थांबा, मग उरलेले द्या. रात्री मी सिरिंजमध्ये ८ मिली भरले तेव्हा त्या मायेने म्हणाल्या, "अगं, अर्धं अर्धं दे हो, दुकानदारानं सांगितलंय," आणि मी ४ मिली देऊन थांबले, तिला पाणी पाजले, मग उरलेले ४ दिले. निरोप माझ्यापर्यंत पोहोचला होता, त्यातले शब्दही बहुतेक तेच होते, फक्त त्यांचा अर्थ वाटेत बदलला होता.

शुक्रवारी सकाळी पुन्हा ८ मिली. मग मी ओट्यावर चिठ्ठी लिहून ठेवली, संध्याकाळी सात वाजता, ८ मिली, आणि वाशीच्या ऑफिसला गेले. परतताना गाडी ऐरोलीला थांबली तेव्हा घरी फोन केला, तर औषध दिले होते आणि पोरीला दुपारपासून तीन वेळा पातळ झाली होती. पावसाळ्यातले पाणी बाधले असेल, असे सासूबाईंना वाटले. मलाही तेच वाटले.

शनिवारी हिशेब जुळेना तेव्हा मी पहिल्यांदा लेबल नीट वाचले. लाल रेघेच्या शेजारी, नावाखाली, बारीक अक्षरांत छापले होते: प्रत्येक ५ मिलीमध्ये अमॉक्सिसिलिन ४०० मिलिग्रॅम, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ५७ मिलिग्रॅम. चिठ्ठीवरच्या २२८.५ मध्ये हे आकडे २०० आणि २८.५ असतात. नाव तेच, खोक्याचा रंग जवळजवळ तोच, औषधाचा वासही तोच. फरक फक्त त्या एका आकड्यात होता, आणि त्या आकड्याकडे घरातल्या तिघांपैकी कोणीही पाहिले नव्हते. तीन वेळा आम्ही लेकीला ठरलेल्याच्या दुप्पट औषध दिले होते.

डॉक्टरांना फोन लावताना माझा हात थरथरत होता. त्यांनी शांतपणे प्रश्न विचारले: बाटलीवरचा आकडा वाचून दाखवा, किती डोस झाले, उलटी झाली का, लघवी नीट होते आहे का, पाणी पिते का, खेळते आहे का, अंगावर काही उठले आहे का. मग त्यांनी सांगितले की अमॉक्सिसिलिनची मात्रा बरीच कमीजास्त झाली तरी सहसा निभावते, पण सोबतच्या क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडने पोट बिघडते, आणि ते दुप्पट गेल्यामुळेच बहुधा जुलाब होत असावेत. ओआरएस पाजायला सांगितले, कोणत्या खुणा दिसल्या तर ताबडतोब यायचे ते सांगितले, आणि त्या वेळेपासून याच बाटलीतले ४ मिली द्यायला सांगितले. हा निर्णय आमच्या लेकीपुरता, त्या औषधापुरता आणि त्या दिवसापुरता होता. दुसरे एखादे औषध असते तर उत्तर वेगळे आले असते, म्हणूनच असे झाल्यावर मनाने एखादा डोस गाळण्याआधी विचारणे भाग आहे.

दोष कोणाचा, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. चिठ्ठीवर जी ताकद लिहिली आहे ती नसेल तर दुकानदाराने डॉक्टरांना विचारायला हवे होते, आणि निदान खोक्यावर पेनने नवी मात्रा लिहायला हवी होती, असे मला आजही वाटते. तोंडी सांगितलेली मात्रा ही मात्राच नव्हे. पण लेबल वाचायचे काम माझे होते, आणि मी ते केले नाही, कारण नाव ओळखीचे होते. मुलाचे औषध डॉक्टर लिहितात, दुकानदार देतो, आजोबा आणतात, आई बनवते, आजी पाजते. चिठ्ठीपासून पोराच्या तोंडापर्यंत ते चार-पाच हातांतून जाते, आणि प्रत्येक हाताला मागच्या हाताने काय केले ते ठाऊक असावे लागते. हे ध्यानात ठेवण्याची सोय आम्ही केली नव्हती.

त्या सकाळी सासूबाईंना मी दोन ताकदींचा फरक समजावून सांगत होते. मिलिग्रॅम आणि मिली या दोन शब्दांत त्या अडकल्या, आणि मीही नीट सांगू शकले नाही. मग त्या स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे याचा एक वेढा त्याच्या दोन वेढ्यांएवढा." याहून नेमके मला सांगता आले नसते. लेक तान्ही असताना त्यांनी बाळगुटी उगाळली होती तेव्हाची त्यांची काळजी मी जवळून पाहिली होती: सहाणेवर हळकुंडाचे वेढे किती, सुंठीचे किती, आणि जायफळाचा मात्र एकच, तोही हलक्या हाताने, कारण जास्त झाले तर बाळ गुंगून झोपते. मापाचे महत्त्व त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. फक्त हे माप आता हाताच्या फिरवण्यात राहिलेले नव्हते, ते लेबलावर गेले होते. मिली म्हणजे किती घ्यायचे, आणि मिलिग्रॅम म्हणजे त्यात औषध किती आहे. चिठ्ठी आणि बाटली शेजारी ठेवून हे दोन्ही आकडे जुळतात का ते पाहायचे. आता सासूबाईही चष्मा लावून बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचतात.

त्यांच्याकडे त्यांच्या आईचे चांदीचे बोंडले आहे, एका बाजूला निमुळती चोच असलेले, हाताच्या ओंजळीत मावणारे. लेकीला त्यातून दूध आणि गुटी पाजलेली आहे, त्यामुळे अँटिबायोटिकही त्यातूनच द्यावे असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. पण बोंडल्यावर खुणा नसतात. चमच्याचेही तेच. त्या शनिवारी दुपारी लेक झोपल्यावर मी सिरिंजने पाणी मोजून ओट्याच्या खणातले चमचे भरून पाहिले: साखरेच्या डब्यातला चमचा ३ मिलीत काठोकाठ भरला, पोहे खायच्या चमच्यात ९ मिली मावले, आणि लोणच्याच्या बरणीतला लांब दांड्याचा चमचा ४ मिलीलाच सांडायला लागला. कोणी "दोन चमचे द्या" म्हणाले असते, तर आमच्याच घरात ६ मिली आणि १८ मिली असे दोन अर्थ निघाले असते. खोक्यात येणारी मापाची टोपी चमच्यापेक्षा पुष्कळ बरी, पण टोपीच्या रेघा अर्धपारदर्शक प्लास्टिकवर उमटवलेल्या असतात आणि ४ ची रेघ अनेकदा नसतेच. औषधाच्या दुकानात सुईशिवायची तोंडाने औषध द्यायची सिरिंज काही रुपयांना मिळते. तिच्या टोकावर बारीक टोपण असेल तर ते आधी काढून कचऱ्यात टाकायचे, कारण ते पोराच्या घशात जाऊ शकते. सिरिंज डोळ्यांच्या पातळीवर धरायची, दट्ट्याची वरची कड रेघेवर आणायची, हवेचा बुडबुडा असेल तर औषध परत बाटलीत सोडून पुन्हा ओढायचे.

पावडरीत पाणी घालणे हे काम सोपे दिसते, आणि म्हणूनच त्यात चूक होते. ही औषधे कोरडी विकतात त्याला कारण आहे. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड पाण्यात फार काळ टिकत नाही, त्यामुळे पाणी पडल्या क्षणापासून औषधाचे दिवस मोजायला लागतात. दुसरी बाटली मी त्या दिवशी ओट्यावर घेऊन बसले. आधी बाटली बंद असतानाच तळहातावर आपटून पावडर मोकळी केली, कारण पावसाळी हवेत ती तळाच्या कोपऱ्यात ढेकळासारखी बसते. खोक्यात अनेकदा पाण्याची प्लास्टिकची छोटी कुपी असते; ती असेल तर तीच वापरायची आणि खोक्यावरची सूचना जशी लिहिली आहे तशीच पाळायची. नसेल तर पाणी उकळून पूर्ण गार करून घ्यायचे, कोमट पाण्याची घाई करायची नाही. निम्मे पाणी घातले, झाकण लावले, जोरात हलवले. बाटलीच्या गळ्यापर्यंत फेस चढला. इथेच माणसे फसतात: फेस पाहून वाटते की पातळी बाणाच्या खुणेपर्यंत आली. बाटली ठेवून दोन मिनिटे थांबले, फेस बसला, आणि औषध खुणेच्या चांगले करंगळीभर खाली उतरले. मग थोडे थोडे पाणी घालून, पुन्हा हलवून, पुन्हा थांबून, ते खुणेला टेकवले. पहिल्या फेसालाच थांबले असते तर औषध घट्ट झाले असते आणि प्रत्येक मिलीत ठरल्यापेक्षा जास्त गेले असते. खुणेच्या वर पाणी गेले असते तर सगळेच पातळ. शेवटी लेबलावर तारीख आणि वेळ लिहिली. पावडर तळाशी बसते म्हणून प्रत्येक डोसाआधी बाटली हलवायची, नाहीतर पहिले दिवस पातळ औषध जाते आणि शेवटचे दिवस घट्ट.

तयार केलेले हे औषध फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत, सात दिवस टिकते. फ्रिजच्या दारात ठेवू नये, कारण दार दिवसातून पन्नास वेळा उघडते. बर्फाच्या कप्प्यात तर नाहीच. मी मधल्या फळीवर, मागे, दह्याच्या भांड्याशेजारी ठेवते. मात्र सगळ्याच अँटिबायोटिकना फ्रिज मानवत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनचे तयार केलेले औषध फ्रिजमध्ये ठेवू नये असे त्याच्या सूचनेतच असते. म्हणून शेजारणीने सांगितलेल्या सवयीपेक्षा बाटलीवरची ओळ वाचावी. आणि दोन बाटल्या आल्या म्हणून दोन्ही एकदम भिजवू नयेत.

पाजण्याच्या बाबतीत आमच्या घरात थोडा वाद झाला, म्हणजे आवाज न चढवता झाला. सासूबाईंच्या हाताला वळण होते ते पोराला पायांवर आडवे घेण्याचे, नाक चिमटीत धरण्याचे आणि तोंड उघडले की औषध आत लोटण्याचे. त्यांची दोन्ही मुले तशीच वाढली. "आई, ती रडत असताना आडवी असली तर औषध श्वासनलिकेत जाईल," असे मी म्हटले, तेव्हा त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझा धाकटा एकदा असाच निळा पडला होता." हे त्यांनी मला आजवर कधी सांगितले नव्हते. त्या दिवसापासून लेक आजीच्या मांडीवर ताठ बसते, पाठ आजीच्या छातीला टेकलेली. सिरिंजचे टोक जिभेवर नाही तर गालाच्या आत, मागच्या दाताशी ठेवायचे आणि थोडे थोडे सोडायचे, मध्ये गिळायला वेळ द्यायचा. जिभेच्या मधोमध जोरात सोडले तर पोर ते थुंकते किंवा त्याला ठसका लागतो. या औषधाचा पोटाला त्रास कमी व्हावा म्हणून ते जेवणाच्या सुरुवातीला द्यावे असे डॉक्टरांनी सांगितले होते, म्हणून आधी दोन घास वरणभाताचे, मग औषध, मग उरलेले जेवण. दुधाच्या पेल्यात मिसळायचे आम्ही टाळले. पेला अर्धा राहिला तर किती गेले ते कोणालाच कळत नाही. त्याला "सरबत" म्हणायचे नाही हेही आम्ही ठरवले. लेक हुशार आहे, खुर्चीवर चढून फ्रिज उघडते, आणि सरबत म्हटलेली गोष्ट ती एक दिवस स्वतः काढून पिईल. औषध म्हणजे औषध, ते कान बरा करते, एवढेच तिला सांगितले. औषध गोड असल्यामुळे नंतर पाण्याने चूळ भरायला लावतो.

ओट्याच्या वर भिंतीवर कालनिर्णय असते. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, सासूबाईंची चतुर्थी, सगळे त्या चौकोनांत असते. त्याच चौकोनांत आता औषधाची नोंद सुरू झाली. डोस दिला की देणाऱ्याने लगेच, हात धुण्याआधी, वेळ आणि मात्रा लिहायची आणि शेजारी आपले अक्षर: 'आ' म्हणजे आजी, 'बा' म्हणजे आजोबा, 'मी' म्हणजे मी. नवऱ्याने 'प' घेतले. पाचव्या दिवशी मला घरी यायला उशीर झाला, ठाणे स्टेशनला गाडी बाहेरच उभी होती, आणि घरात शिरल्या शिरल्या मी सिरिंज हातात घेतली, कारण लेक म्हणाली, "मला औषध नाही दिलं." चौकोनात बाबांच्या थरथरत्या अक्षरात लिहिले होते: ७.१०, ४, बा. मी सिरिंज खाली ठेवली. पोरे खोटे बोलतात असे नाही, त्यांना सकाळचे आणि संध्याकाळचे वेगळे आठवत नाही. आणि एखादा डोस खरोखरच राहिला, तर आठवल्यावर द्यायचा, पण पुढच्या डोसाची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून फक्त पुढचाच द्यायचा. राहिलेला भरून काढायला दोन एकदम कधीही द्यायचे नाहीत.

औषध दिल्यावर लगेच उलटी झाली तर किती वेळात झाली ते घड्याळात पाहून डॉक्टरांना विचारावे. काही मिनिटांत सगळे बाहेर पडले असेल तर त्या पुन्हा द्यायला सांगतील, तासाभराने झाली असेल तर बहुधा नाही सांगणार. पण दुसरी एक गोष्ट आहे जिच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण आपल्या घरांत तिच्यावर एक जुना, प्रेमळ उपाय तयार असतो. अंगावर लाल गांधी उठल्या, खाज सुटली, की "पित्त उठलंय" असे म्हणून आपण आमसुलाचे पाणी चोळतो. एरवी चोळावे. पण अँटिबायोटिक चालू असताना गांधी उठल्या तर ती त्या औषधाची ॲलर्जी असू शकते, आणि तेव्हा आमसूल भिजत घालण्यात वेळ घालवू नये. पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करावा. ओठ, जीभ किंवा डोळे सुजले, श्वास घेताना घरघर झाली, पोर एकदम मलूल झाले, तर फोनवर चर्चा करायची नाही, १०८ ला फोन करायचा किंवा जवळचे रुग्णालय गाठायचे. प्रत्येक पुरळ ही ॲलर्जी नसते, विषाणूंच्या तापातही पुरळ येते; पण ते ठरवणे आपले काम नाही. पूर्वी पेनिसिलिनने कधी काही उठले असेल तर ते चिठ्ठी लिहिण्याआधीच सांगायला हवे, कारण अमॉक्सिसिलिन त्याच घराण्यातले आहे.

सोमवारी लेकीचा ताप गेलेला होता, जुलाब थांबले होते आणि ती सोफ्यावरून उड्या मारत होती. बाबा म्हणाले, "आता कशाला पोरीच्या पोटात एवढं औषध घालायचं?" हा प्रश्न मायेचाच होता. ताप उतरणे म्हणजे जंतू संपणे नव्हे. कमजोर जंतू आधी मरतात, आणि औषध अर्धवट सोडले तर उरलेल्या चिवट जंतूंना वाढायला मोकळे रान मिळू शकते. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानातच हा इशारा दिला होता, की अपुऱ्या मात्रेत हे औषध घेतले तर जंतू त्याला जुमानेनासे होतील. बाबांना हे पटवायला मात्र फ्लेमिंगपेक्षा पिंपरी कामाला आली. त्यांच्या लहानपणी, १९५४ मध्ये, पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, आणि देशी पेनिसिलिनचे तेव्हा केवढे अप्रूप होते ते त्यांनीच मला पूर्वी सांगितले होते. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड का घालावे लागते, तर अनेक जंतू अमॉक्सिसिलिन फोडून टाकणारा पदार्थ बनवायला शिकले म्हणून, असे मी सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे साधं औषध आपणच वाया घालवलं." किती दिवस द्यायचे हा आकडा रोगाप्रमाणे बदलतो, घशाच्या एका प्रकारच्या संसर्गात दहा दिवस देतात, कारण तो अर्धवट राहिला तर पुढे हृदयाच्या झडपांना धोका असतो. म्हणून दिवस कमी करायचे असोत की वाढवायचे, ते डॉक्टरांना विचारूनच. बाटलीवरची ती उभी लाल रेघ चिठ्ठीशिवाय घेऊ नये असे सांगणारी आहे, आणि केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिच्यासाठी खास मोहीमही काढली होती.

पहिले तीन डोस दुप्पट गेल्यामुळे तिसरी बाटली आणावी लागली होती. गुरुवारी सकाळी चौदावा डोस झाला तेव्हा तिच्यात बावीसेक मिली उरले. त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरची शेजारीण आली. तिच्या मुलाला दोन दिवस ताप होता, आणि आमच्याकडे औषध उरल्याचे तिला सासूबाईंकडून कळले होते. आमच्या इमारतीत विरजण, कढीपत्ता, गॅसचा सिलिंडरसुद्धा असाच मागितला जातो आणि असाच दिला जातो. नाही म्हणायची जिभेला सवय नाही. मी तिला आत बसवले आणि नाही म्हटले. तिचा मुलगा २० किलोचा, त्याचा कान दुखत नव्हता, आणि बाटलीवर माझ्याच हाताने लिहिलेली तारीख होती. ती दुखावली हे तिच्या चेहऱ्यावर दिसले. म्हणून मीच छत्री घेतली आणि तिच्याबरोबर दवाखान्यात गेले.

तिच्या मुलाला अँटिबायोटिक लागलेच नाही. विषाणूंचा ताप होता, डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिले आणि तीन दिवसांनी परत दाखवायला सांगितले. घरी आल्यावर उरलेले औषध मी चहाच्या चोथ्यात ओतले, पिशवीची गाठ मारून कचऱ्यात टाकले, बाटलीचे लेबल फाडले. सासूबाईंनी खणातून न वापरलेली सिरिंज काढली आणि वर जाऊन शेजारणीला दिली. जिन्यातून त्यांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता. पॅरासिटामॉलच्या बाटलीवर ५ मिलीत १२० लिहिले आहे की २५०, ते आधी वाच, असे त्या तिला सांगत होत्या, आणि वाचून झाल्यावर मला फोनवर सांग, असेही.